दुखणं अंगावर काढू नका

ताई, गुडघा बदलल्यावर पहिले काही दिवस गोळी घड्याळ बघून घ्या. मी सहन करत बसले. रात्री दोनला कळ मस्तकात गेली आणि मग गोळी लागू पडेपर्यंत तासभर उशी चावत होते. डॉक्टरांनी सहा तासांनी सांगितली असेल तर सहा तासांनीच. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली की पाय वाकवणं सोपं जातं.

पॅरासिटामॉल मात्र मोजा: दिवसाला 4 ग्रॅमच्या वर कधीच नाही. ट्रामाडॉलच्या (दुखण्यावरचं जोरदार औषध) गोळीत पुष्कळदा तेही मिसळलेलं असतं, म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचाच. ट्रामाडॉलने पोट घट्ट होतं, त्यावरचं औषध पहिल्याच दिवशी मागून घ्या. किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल, तर घरात उरलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.