दगडी (कासेची सूज, कासदाह) पुन्हा पुन्हा का होते?

प्रश्न : आमच्या संकरित गाईच्या मागच्या डाव्या सडातून दुधात गाठी येतात. सडात औषधाची ट्यूब सोडली की थांबतात, महिन्याभराने पुन्हा सुरू. काय करावे?

उत्तर : असे वारंवार होते तेव्हा पहिला संशय स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा. हा जिवाणू कासेच्या आत गाठी करून दडतो, तिथे औषध नीट पोहोचत नाही. दोन ट्यूब सोडून दूध सुधारले म्हणून उपचार थांबवू नका, ही चूक फार महागात पडते. पुढची ट्यूब सोडण्याआधी दूध तपासायला द्या : पहिल्या तीन-चार धारा टाका, सडाचे टोक ७० टक्के अल्कोहोलच्या कापसाने पुसा, दूध निर्जंतुक नळीत घ्या आणि बर्फावर पाठवा. कोणते औषध लागू पडेल ते अहवालावरून डॉक्टर ठरवतील.

हा रोग धारेच्या वेळी हातांनी, फडक्याने पसरतो. ही गाय सर्वांत शेवटी पिळा. धारेनंतर प्रत्येक सड ०.५ टक्के आयोडीनच्या द्रावणात बुडवा, लगेच वैरण टाका. सडाचे छिद्र अर्धा तास तरी उघडे असते, तोवर गाय बसू नये.

दूध पाण्यासारखे, अंगात ताप? मग शेणातला ई. कोलाय हा जिवाणू असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.