फेब्रुवारी सरला तरी पोर्टल गप्पच!

वाचक विचारतात : अमेरिकेतले शिक्षणशास्त्राचे प्रवेश

अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिक्षणशास्त्राच्या मास्टर्ससाठी आणि पीएच.डी.साठी अर्ज केलेल्यांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यांत शिक्षक आहेत, संस्थांत काम करणारे आहेत आणि एका मुलीचे वडीलही आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्रच उत्तर दिलं आहे.

पीएच.डी.चे तीन आणि मास्टर्सचे दोन अर्ज केले. दोन महिने झाले, पाचही पोर्टलांवर ‘अंडर रिव्ह्यू’ एवढंच दिसतं. ओळखीच्या एकीला त्यातल्याच एका ठिकाणचा होकार आला. म्हणजे माझं संपलं का? (एक शिक्षिका, नाशिक)

आधी पाच अर्ज दोन गठ्ठ्यांत वेगळे करा. पीएच.डी.चे अर्ज बहुतेक ठिकाणी १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान बंद होतात, जानेवारी-फेब्रुवारीत झूमवर मुलाखती होतात आणि निकाल फेब्रुवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत तुटक तुटक येतात. मास्टर्सची मुदतच बऱ्याच ठिकाणी जानेवारीत संपते, त्यामुळे तिथला निकाल मार्च उजाडल्याशिवाय अपेक्षितच धरू नका. मास्टर्सचे निकाल काही ठिकाणी एकगठ्ठा एका दिवशी लागतात, पीएच.डी.चे सहसा तसे लागत नाहीत.

‘अंडर रिव्ह्यू’ या शब्दांतून काहीही काढू नका. कागद पूर्ण झाले की ती पाटी लागते आणि निकाल चढेपर्यंत तशीच राहते. मधल्या काळात अर्ज कोणाच्या टेबलावर आहे, हे ती सांगत नाही.

पीएच.डी.त खरी अडचण जागांची असते. एखादे प्राध्यापक त्या वर्षी एकच विद्यार्थी घेणार असतात, कधी एकही नाही. समिती यादी लावते आणि वरच्यांना आधी कळवते. त्यांच्याखालच्यांना ना होकार ना नकार, नुसतं थांबवून ठेवतात, कारण वरच्यातलं कोणी नाही म्हणालं तर जागा त्यांना द्यायची असते. तुमच्या ओळखीच्या बाईंना होकार आला आणि तुम्हाला काहीच नाही, तर तुम्ही या मधल्या गठ्ठ्यात असू शकता. मात्र त्या विभागात मुलाखती घेण्याची पद्धत असेल, त्या होऊन गेल्या असतील आणि तुम्हाला बोलावणं आलं नसेल, तर तिथली आशा थोडीच ठेवावी. मुलाखत न घेता निवड करणारे विभागही आहेत, म्हणून आधी विभागाच्या पानावर पद्धत वाचा. तिथे दिलेली निकालाची तारीख उलटून आठवडा झाला, की प्रवेश कार्यालयाला एकच ईमेल करा : नाव, अर्ज क्रमांक आणि ‘निर्णय साधारण कधी अपेक्षित आहे’ हे एक वाक्य. प्राध्यापकांना वेगळं लिहू नका.

आणि दिवसभर पोर्टल उघडत बसू नका. न्यूयॉर्क-बोस्टनकडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून साडेनऊ तास. तिथल्या दुपारी चारला निघालेला ईमेल आपल्याकडे आधी रात्री अडीचला आणि नंतर दीडला पोहोचतो. कॅलिफोर्नियाचा तर पहाटेच येतो. तिथला शुक्रवार आपल्या शनिवारी सकाळी संपतो. सोमवारी दुपारी पोर्टल पाहिलंत तर तिथे रविवारची मध्यरात्र उलटून गेलेली असते आणि सगळे झोपलेले असतात.

टोफेलचे, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचे, गुण डिसेंबरात पाठवले, तरी पोर्टलवरच्या कागदांच्या यादीत अजून ‘अवेटिंग’. कार्यालय म्हणतं, आमच्याकडे आलेच नाहीत. टोफेलवाले म्हणतात, पोहोचवले. (एक वाचक, सांगली)

बहुधा दोघंही खरं बोलताहेत. गुण तिथे पोहोचले आहेत, पण तुमच्या अर्जाला चिकटलेले नाहीत. संगणक नाव, जन्मतारीख आणि ईमेल जुळवून गुण त्या त्या अर्जात टाकतो. यातलं काही जुळलं नाही, तर ते बेवारस टोपलीत पडून राहतात.

मराठी नावांचं यात हमखास बिनसतं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर मात्र स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून ‘गिव्हन नेम’ होतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात जातं. समजा, गुणपत्रिकेवर ‘पाटील स्नेहल रमेश’ आहे. लग्नानंतरच्या पासपोर्टवर ती ‘स्नेहल अमोल जाधव’ झाली. तीन शब्दांतले दोन बदलले. टोफेलला ओळखपत्र पासपोर्टचं, म्हणून गुण जाधवांच्या नावे आले. अर्ज मात्र पदवीच्या कागदांना जुळावा म्हणून पाटलांच्या नावे भरला. आता ‘स्नेहल’ आणि जन्मतारीख एवढंच जुळतं, आणि संगणकाला तेवढं पुरत नाही.

दुरुस्ती अशी. अर्जातलं कायदेशीर नाव पासपोर्टप्रमाणेच असू द्या. अर्ज पाठवून झाला असेल तर ते तुम्हाला बदलता येत नाही, कार्यालयाला सांगून बदलून घ्यावं लागतं. आधीच्या नावासाठी वेगळा रकाना असतो, तो आपल्याकडचे लोक हटकून रिकामा सोडतात. तिथे लग्नाआधीचं पूर्ण नाव लिहा. मग कार्यालयाला एका ईमेलमध्ये अर्ज क्रमांक, टोफेलचा नोंदणी क्रमांक, परीक्षेची तारीख, जन्मतारीख आणि दोन्ही नावं कळवा. सोबत गुणपत्रकाची पीडीएफ आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. नाव राजपत्रात बदललं असेल तर त्या पानाची प्रत. कोणी माणसाने बसून जोडलं की काम होतं. विद्यापीठाचा कोड बरोबर होता का, हेही बघून घ्या. एकाच विद्यापीठाच्या दोन ‘स्कूल्स’चे, म्हणजे विद्याशाखांचे, कोड वेगळे असू शकतात. परीक्षेच्या तारखेपासून दोनच वर्षं हे गुण चालतात, जीआरई या प्रवेशपरीक्षेचे पाच वर्षं.

यादीत आणखी दोन गोष्टी अडकतात. पहिली शिफारसपत्रं. दुवा मुख्याध्यापकांच्या ईमेलवर जातो आणि स्पॅममध्ये पडतो. पोर्टलवरून आठवण पुन्हा पाठवता येते. पाठवल्यावर फोन करून ‘सर, स्पॅममध्ये बघता का’ असं विचारावंच लागतं. (‘तूच लिही, मी सही करतो’ ही आपल्याकडची सोय तिथे चालत नाही.) दुसरी गोष्ट पदवीचं मूल्यमापन, म्हणजे आपली पदवी तिथल्या मापात कुठे बसते याचा बाहेरच्या संस्थेकडून घेतलेला अहवाल. काही विद्यापीठांना विषयवार श्रेणी आणि सरासरी दाखवणारा ‘कोर्स-बाय-कोर्स’ अहवाल हवा असतो. पैसे वाचवायला लोक ‘डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट’ घेतात. तो कमी किमतीचा असतो, पण त्यात श्रेणी नसतात, आणि यादीतली ओळ लालच राहते.

‘वेटलिस्ट’चं पत्र आलं. काय लिहू? (एक वाचक, लातूर)

आधी पोर्टलवर ‘यादीत राहायचं आहे’ हे नोंदवा. बरेच जण पत्र लिहीत बसतात आणि ते बटण राहून जातं. नंतर एकदाच, दोनशे-अडीचशे शब्दांचं पत्र पाठवा, तेही ‘आणखी कागद पाठवू नका’ असं त्यांनी स्पष्ट लिहिलेलं नसेल तरच.

पत्रात अर्जानंतर काय नवं घडलं ते सांगा. ‘मला शिक्षणाची प्रचंड ओढ आहे’ याने कोणाचंच मत बदलत नाही. असं काही लिहा : ‘जिल्हा परिषदेच्या, म्हणजे सरकारी, शाळेत मी चौथीच्या ४१ मुलांना शिकवते. सप्टेंबरात त्यांतली ९ मुलं मराठीतला परिच्छेद वाचू शकत होती, फेब्रुवारीत २३. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या चार पातळ्यांवर गट पाडून रोज ५० मिनिटं घेतली.’ आकडे अर्थात तुमचे, खरे. ‘जिल्हा परिषद’ म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगा, तिथल्या वाचणाऱ्याला ते माहीत नसतं. शेवटी, तीच तुमची पहिली पसंती असेल तर तसं स्पष्ट लिहा. नसेल तर लिहू नका. शिफारसपत्रं आणखी गोळा करून पाठवू नका.

यादी बहुधा १५ एप्रिलच्या आसपास हलते. ते का, हे पुढच्या उत्तरात येईल. तोवर हातातली दुसरी जागा सोडू नका.

एका विद्यापीठाने पीएच.डी.ला ‘फुल फंडिंग’ देऊ केलं आहे आणि १ एप्रिलपर्यंत उत्तर मागितलं आहे. दुसऱ्याचा निकाल अजून नाही. (एक संशोधन सहायक, पुणे)

‘काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’ या संघटनेचा एक ठराव आहे. त्यावर सही केलेल्या विद्यापीठाने आर्थिक मदतीसह जागा देऊ केली, तर विद्यार्थ्यावर १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याचं बंधन नसतं. सही केलेल्यांची यादी संघटना प्रसिद्ध करते. तुमचं विद्यापीठ त्यात असेल, तर ठरावाचा उल्लेख करून १५ एप्रिलपर्यंत मुदत मागा. भांडायची गरज नाही. कित्येकदा विभागातल्या माणसाने जुनी तारीख तशीच ठेवलेली असते. त्याच वेळी दुसऱ्या विद्यापीठाला कळवा, की हातात एक जागा आहे आणि अमुक तारखेला उत्तर द्यायचं आहे. असा ईमेल कोणी वाईट मानत नाही, उलट अडकलेला अर्ज कधी कधी पुढे सरकतो.

पण ठराव मदतीसह दिलेल्या जागांपुरता आहे. बिनमदतीच्या मास्टर्सला, जिथे नुसती जागा आणि ती राखायला भरायची अनामत, तो लागू होत नाही. तिथली तारीख म्हणजे तारीख.

एकीकडे हो म्हटलं आणि १५ तारखेच्या आत दुसरं चांगलं आलं, तर आधी पहिल्याला लेखी नकार द्या, मग दुसऱ्याला हो म्हणा. तीन जागा हातात असतील तर तिसरी आजच सोडा. लातूरचे वाचक कदाचित तिच्याच वेटलिस्टवर असतील.

आता ‘फुल फंडिंग’. हे शब्द वाचून हुरळू नका, पत्र तपासा. शिकवणी शुल्क माफ आहे, पण विद्यार्थी शुल्क वेगळं भरावं लागतं का? आरोग्य विम्याचे पैसे कोण देणार? विद्यावेतन नऊ महिन्यांचं की बारा? नऊ असेल तर उन्हाळ्यातलं घरभाडं तुमच्या खिशातून. किती वर्षांची हमी आहे, ‘निधी उपलब्ध असल्यास’ असं वाक्य आहे का? आणि पैसा विभागाचा की एखाद्या प्रकल्पाच्या अनुदानाचा? हा शेवटचा प्रश्न पूर्वी फारसं कोणी विचारत नसे. २०२५च्या फेब्रुवारीत अमेरिकी शिक्षण खात्याच्या संशोधन विभागाची पुष्कळ कंत्राटं एकदम रद्द झाली, त्या वर्षी काही विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागाही कमी केल्या. तेव्हा प्रकल्प बंद पडला तर पुढची सोय काय, हे लेखी विचारा. फोनवरच्या ‘डोन्ट वरी’वर विसंबू नका.

मुलीला मास्टर्सला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती नाही. तीन आठवड्यांत अनामत भरायची आहे. आमची शेती आहे, सात-बारा चालेल का? (एक पालक, अहिल्यानगर)

काका, सात-बारा दोन ठिकाणी अडेल. विद्यापीठ ‘आय-२०’ हे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं पत्रक देण्याआधी पहिल्या वर्षाचं शुल्क आणि राहण्याचा खर्च दाखवायला सांगतं, तो हाताशी असलेल्या पैशांत. बचत खातं, मुदत ठेव, मंजूर शैक्षणिक कर्जाचं पत्र चालतं. जमीन, सोनं, फ्लॅटचं मूल्यांकन सहसा चालत नाही. दुसरं म्हणजे बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत. बिगरशेती प्लॉट, घर, मुदत ठेव, विम्याची पॉलिसी घेतात. घर गावठाणात असेल तर त्याचे कागद चालतील का, हे शाखेत आजच विचारा.

कर्जासाठी तारणाच्या मालकीबद्दल वकिलाचा शोध अहवाल आणि बँकेच्या यादीवरच्या मूल्यांकनकाराची भेट यांत तीन-चार आठवडे सहज जातात. ही कामं निकालाची वाट पाहत असतानाच सुरू करता येतात. जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे. तिचे अर्ज दर वर्षी ठरावीक मुदतीतच घेतात, तेव्हा तारीख बघून ठेवा.

अनामत काहीशे डॉलरची असते आणि बहुधा परत मिळत नाही. भरण्याआधी मुलीला दोन ईमेल करायला सांगा. एकात विभागाला विचारायचं, की काही मदत किंवा वर्गसहायकाचं काम मिळू शकतं का. दुसऱ्यात, कर्जाच्या मंजुरीसाठी मुदत वाढवून मिळेल का. दोन आठवडे वाढवून देणारी कार्यालयं बरीच आहेत, पण मुदत उलटून गेल्यावर मागितली तर कोणी देत नाही.

‘आय-२०’ हातात आल्यावर क्रम असा : त्यावरची नावं, जन्मतारीख पासपोर्टशी ताडून बघा, ३५० डॉलर सेव्हिस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं) भरा, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, १८५ डॉलर व्हिसा शुल्क, मग बोटांचे ठसे आणि मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. २०२५च्या जूनपासून विद्यार्थी व्हिसासाठी समाजमाध्यमांची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी तिथे उतरता येत नाही, म्हणून स्वस्त मिळतंय म्हणून जुलैच्या सुरुवातीचं तिकीट काढून ठेवू नका.

तिथून एम.एड. करून आले तर इथल्या शाळेत बी.एड.शिवाय नोकरी मिळेल का? (एक वाचक, ठाणे)

मान्यताप्राप्त शाळेत माध्यमिकला शिकवायचं तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांप्रमाणे बी.एड. लागतं आणि अमेरिकेतली मास्टर्स त्याची जागा आपोआप घेत नाही. संस्था, अभ्यासक्रम-रचना, मूल्यमापन अशा कामांना ती चालते. काही काळ तिथेच नोकरी करायची असेल तर पदवीनंतर १२ महिन्यांची ‘ओपीटी’, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची परवानगी, मिळते. शिक्षणशास्त्राच्या बहुतेक शाखांना त्यापुढची २४ महिन्यांची ‘स्टेम’ (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित विषयांची) वाढ नाही. शैक्षणिक तंत्रज्ञान (१३.०५०१), शैक्षणिक मूल्यमापन व संशोधन (१३.०६०१) आणि शैक्षणिक संख्याशास्त्र (१३.०६०३) हे अभ्यासक्रमांचे सरकारी कोड मात्र ‘स्टेम’च्या यादीत आहेत. अभ्यासक्रमाच्या नावात ‘लर्निंग’ आणि ‘टेक्नॉलॉजी’ असले तरी कोड दुसराच असू शकतो. अनामत भरण्याआधी कार्यालयाला तो सहा अंकी कोड विचारा, ‘आय-२०’वरही तोच छापून येतो.