रानवाट: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी शिकारीबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलावे लागले. मी लहानपणी बाबांच्या मागे रानात गेले आणि पुढे बावीस वर्षं हरवलेल्यांना शोधणाऱ्या पथकात स्वयंसेवक होते. त्यामुळे माझ्या उत्तरांत नेमबाजी कमी आणि घरी परतणं जास्त, अशी तक्रार येते. तक्रार खरी आहे.

प्रश्न: ताई, संध्याकाळी साडेपाचला हरणावर गोळी झाडली. लागली हे नक्की, कारण ते उसळलं आणि झाडीत शिरलं. मी लगेच मागे धावलो. शंभरेक पावलं रक्त दिसलं, मग माग तुटला आणि अंधार पडला. दुसऱ्या दिवशी शोधूनही सापडलं नाही. माझं काय चुकलं?

उत्तर: धावलात, ते चुकलं. जखमी जनावराला मागे कोणी नाही असं वाटलं तर ते बहुधा जवळच्याच आडोशाला बसतं आणि तिथेच संपतं. पाठलाग झाला की उरल्यासुरल्या बळावर दूर निघून जातं, आणि पळणाऱ्याच्या रक्ताचे थेंब दूरदूर विखुरतात. म्हणजे तुमचा मागही तुम्हीच पुसता.

गोळी सुटली की जागेवरून हलायचं नाही. हरीण कुठे उभं होतं आणि शेवटी कोणत्या झाडापाशी दिसलं, या दोन जागा मनात पक्क्या करा, घड्याळ बघा आणि अर्धा तास बसून राहा. तो अर्धा तास फार लांबतो, हात थरथरतात, ठाऊक आहे. मग आधी ते उभं होतं तिथे जा, दिसेनासं झालं तिथे नव्हे. तिथलं रक्त आणि केस बरंच सांगतात. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. जनावर लांब गेलेलं नसतं. काळपट लाल म्हणजे बहुधा काळीज, म्हणजे यकृत, हृदय नव्हे. तीन-चार तास तरी थांबा. रक्तात हिरवट-तपकिरी कण आणि घाण वास असेल तर गोळी पोटात गेली आहे. आठ-दहा तास त्या दिशेला पाऊलही टाकू नका. मागावर पाय न देता त्याच्या कडेने चाला. रक्ताचा थेंब दिसेल तिथे फांदीला रंगीत फीत बांधत जा. माग तुटला की मागे वळून फितींची रांग बघा, जनावराची दिशा त्यातून कळते. दोघं असाल तर एकाने शेवटच्या थेंबापाशी उभं राहायचं आणि दुसऱ्याने पुढे शोधायचं. परतताना फिती सोडवून आणा, नाहीतर पुढच्याची दिशाभूल होते.

आता तुमचं घड्याळ लावून बघा. साडेपाचला गोळी. काळजाला लागली असेल तर निघायचं साडेनऊला, काळोखात. म्हणून संध्याकाळच्या त्या शेवटच्या तासात गोळी झाडायची की नाही, हे सकाळी निघतानाच ठरवायचं असतं. समोर हरीण उभं असताना ते ठरत नाही. कायदा परवानगी देत असला तरी मी सूर्यास्ताच्या तासभर आधी बंदूक रिकामी करते. सोबतचे हसतात.

हसू देत. चौतिसाव्या वर्षी मीही असाच संध्याकाळचा माग धरला होता. मान खाली, थेंबामागून थेंब, चाळीस मिनिटं. हरीण सापडलं. मान वर केली तेव्हा चारी बाजूंची झाडं सारखीच दिसत होती. विजेरी गाडीत राहिली होती, कारण ‘पाच मिनिटांचं तर काम’. गाडीची दिशा मला अगदी पक्की ठाऊक होती आणि मी ताठ मानेने त्या दिशेला चालू लागले. तासाभराने चिखलात बुटांचे ठसे दिसले. केवढा आनंद झाला, माणूस जवळ आहे म्हणून. ठसे माझेच होते.

जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली हे नीट तपासून दाखवलं. सूर्य किंवा चंद्र दिसत नसला की सरळ चालतो आहोत अशी खात्री असलेली माणसं खरोखरच गोल फिरतात. ‘मला दिशेचं भान चांगलं आहे’ या वाक्यावर तेव्हापासून माझा विश्वास नाही. माग सुरू करण्याआधी होकायंत्रावर गाडीची दिशा बघून कागदावर लिहा. जागा दाखवणारं जीपीएस यंत्र असेल तर त्यात गाडीच्या जागेची खूण नोंदवा आणि हरवल्याची पहिली शंका येताच बसा. खरंच बसा, बूड टेकवून. उभा माणूस चालू लागतो.

त्या रात्री पाऊस होता, थंडी आठेक अंशांची, आणि माझ्या अंगात सुती सदरा. गारठून मरायला बर्फ लागत नाही. ओलं अंग, वारा आणि दहा अंश एवढं पुरतं. सुती कापड भिजलं की ऊब धरत नाही. लोकर ओली असतानाही थोडीफार धरते. आगपेटी खिशात होती, कोरडीही होती, पण बोटांना काडी धरवेना. म्हणून शेकोटी पेटवायची ती हात चालतात तोवर. सोबत्याची जीभ जड झाली, तो अडखळू लागला की लगेच कोरडे कपडे, वाऱ्यापासून आडोसा आणि खाली पालापाचोळ्याचा जाड थर. त्याची थरथर थांबली आणि अंग मात्र तापलेलं नाही, तर तो बरा होत नसून बिघडतो आहे. शेवटच्या टप्प्यात माणसाला उकडल्यासारखं वाटतं आणि तो कपडे काढून टाकतो. आमच्या पथकाला असं एकदा आढळलं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

सकाळी माझी गाडी एका बुटक्या टेकाडाच्या पलीकडे निघाली. तीनशे पावलांवर.

प्रश्न: भडक नारिंगी जाकीट घातलं तर हरणाला लगेच दिसणार नाही का?

उत्तर: नाही. लाल रंग ओळखणारी पेशी हरणाच्या डोळ्यात नसते, नारिंगी त्याला मळकट दिसतं. निळा मात्र त्याला आपल्यापेक्षा चांगला दिसतो, म्हणून निळी जीन्स घरी ठेवा आणि शिकारीचे कपडे ‘पांढरं शुभ्र’ करणाऱ्या पावडरीत धुऊ नका; त्यातली चमक त्याच्या डोळ्यात भरते. तुम्हाला उघडं पाडते ती हालचाल आणि वारा. ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते. त्याप्रमाणे सकाळी वरच्या अंगाला बसा आणि संध्याकाळी खालच्या. नारिंगी हरणासाठी नसतंच, ते दुसऱ्या शिकाऱ्यासाठी असतं.

प्रश्न: नवरा एकटा शिकारीला जातो. तिथे फोन लागत नाही. ‘संध्याकाळपर्यंत येतो’ एवढंच सांगून जातो आणि कधी रात्री दहा वाजतात. मी काय करू? ओरडले की म्हणतो, तू उगाच घाबरतेस.

उत्तर: उगाच नाही. ‘संध्याकाळपर्यंत’ ही वेळ नव्हे. त्याच्याकडून निघण्यापूर्वी एक कागद लिहून घ्या: गाडी कुठे लावणार, कोणत्या घळीत किंवा सोंडेवर बसणार, अंगावरच्या जाकिटाचा रंग कोणता, बुटाच्या तळव्याची नक्षी कशी. (बूट ओल्या मातीवर दाबून फोटो काढा. शोधणाऱ्यांना याचा किती उपयोग होतो, ते मी शपथेवर सांगते.) आणि दोन वेळा. एक परत येण्याची. दुसरी, जी उलटली की तुम्ही मदतीला फोन करणार आहात ती. ही दुसरी वेळ त्यानेच ठरवायची आणि तुम्ही पाळायची. ‘आणखी अर्धा तास बघू’ असं करत बायका पहाटेपर्यंत बसून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. का, तर तो सुखरूप आला आणि पथक दारात उभं असलं तर चिडेल. चिडू दे.

उपग्रहाला संकट कळवणारं छोटं यंत्रही घेऊन द्या. त्याचे दोन प्रकार आहेत. एक ४०६ मेगाहर्ट्झवर फक्त हाक देतं. त्याला मासिक वर्गणी लागत नाही, पण नोंदणी मात्र करायलाच हवी, नाहीतर हाक कुणाची ते कळत नाही. दुसऱ्याला वर्गणी लागते, पण त्यावरून निरोप पाठवता आणि मिळवता येतात. तुमच्यासारखीला दुसरं बरं, ‘उशीर होतोय, ठीक आहे’ एवढं तरी कळेल. दोन्हीला वर मोकळं आकाश लागतं आणि दोन्ही अंगावर असायला हवीत, पिशवीत नव्हे. पिशवी दरीत जाते आणि माणूस वर राहतो, असं झालेलं आहे. गळ्यात शिट्टी हवीच. ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टी रात्रभर वाजते. तीनदा वाजवली की मदतीची हाक.

प्रश्न: काकू, मी एकोणीस वर्षांचा आहे. मामाने त्याचं जुनं शिकारीचं जाकीट दिलं. एका खिशात लाल काडतुसं आहेत, दुसऱ्यात पिवळी. माझी बंदूक बारा बोअरची आहे. सगळी वापरू का?

उत्तर: आत्ताच्या आत्ता दोन्ही खिसे रिकामे कर, मग पुढचं वाच. पिवळं काडतूस बहुधा वीस बोअरचं असतं (बोअरचा आकडा मोठा, तितकी नळी आणि काडतूस बारीक) आणि ते पिवळं करण्याची रीत पडली तीच तुझ्यासारख्यांसाठी. ते बारा बोअरमध्ये घातलं तर खाली पडत नाही. काडतूस बसण्याचं जे घर असतं, त्याच्या पुढे सरकून नळीत अडकतं. तुला घर रिकामं दिसतं, काडतूस घालायला विसरलो असं वाटून तू मागून बारा बोअरचं घालतोस आणि चाप ओढतोस. नळी फुटते, तीही ज्या हाताने धरली आहेस त्या हाताजवळ. रंगावर विसंबू नकोस, प्रत्येक काडतुसाच्या पितळी बुडावर आकडा कोरलेला असतो, तो वाच आणि नळीवरच्या आकड्याशी जुळव. एका दिवशी एकाच बोअरची काडतुसं जवळ. बार भलताच हलका वाजला, धक्का लागला नाही, तर पुढचा बार न टाकता बंदूक रिकामी करून नळीतून आरपार बघ. मामाला माझा नमस्कार, आणि खिसे तपासून जाकीट द्यायचं असतं हेही सांग.

प्रश्न: मचाणावर बसताना पट्टा बांधतो, तेवढं पुरे ना?

उत्तर: बसल्यावर बांधता ना? माणसं पडतात ती चढता-उतरताना आणि शिडीवरून फळीवर पाय टाकताना. पट्टा पूर्ण अंगाचा हवा, नुसता कमरेचा नको. कमरेचा पोटात रुतून श्वास कोंडतो. पूर्ण अंगाचा पट्टा जमिनीवर असतानाच झाडाला बांधलेल्या दोराला अडकवायचा आणि परत जमिनीवर उतरल्यावरच सोडायचा. बंदूक खांद्यावर घेऊन चढू नका. रिकामी करून, दोरीला बांधून मागाहून वर ओढा. आणि पडून पट्ट्यात लोंबकळलात तर पाय हलवत राहा, पाय रोवून भार टाकायला दोरीचा फास जवळ ठेवा. मांड्यांत रक्त साचलं की शुद्ध जाते. एकदा जमिनीपासून दोन फुटांवर लटकून बघा, सोबतीला कोणी असताना. मी बघितलं आहे, पाच मिनिटांत हौस फिटली.

प्रश्न: मुक्या जनावरांना मारायचं शिकवता, लाज वाटत नाही? मी रोज कुत्र्याला घेऊन रानात फिरते, एकही प्राणी मला त्रास देत नाही.

उत्तर: जिथे शिकारीला कायद्याने बंदी आहे तिथे विषयच संपला, तिथलं एकही पत्र मी घेत नाही. जिथे परवाना आहे तिथेही तुमचा राग मला समजतो; मी स्वतः गेली सहा वर्षं गोळी झाडलेली नाही आणि त्याचं कारण अजून मला नीट सांगता येत नाही. पण जखमी करून सोडून देणारा शिकारी तुम्हाला नको आणि मलाही नको, म्हणून हे सदर आहे. तुमचं कुत्रं कोणत्या रंगाचं आहे ते पत्रात नाही. तपकिरी असेल तर हंगाम सुरू असताना त्याच्या अंगावर नारिंगी जाकीट चढवा, तुम्हीही घाला, पांढरी टोपी घालू नका (शेपटी उचललेल्या हरणाचा मागचा भाग पांढरा दिसतो), आणि पहाटे-संध्याकाळच्या अंधूक उजेडात फिरायचं टाळा.