माऊस हातात, गोष्ट इंग्लंडची : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मला आणि माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला पॉइंट अँड क्लिक, म्हणजे माऊसने क्लिक करत कोडी सोडवायचे गेम आवडतात, मारामारी नको असते. इंग्लंडच्या जुन्या दंतकथांवरचा, एका रविवारी संपेल असा एखादा सांगाल का? (वाचक, नाशिक)

दंतकथा म्हणाल तर पहिलं नाव 'द एक्स्कव्हेशन ऑफ हॉब्ज बॅरो'चंच घेईन, 2022 चा आहे, पण एका रविवारी संपणार नाही, दोन वीकेंड धरा. थॉमसिना बेटमन नावाची बाई व्हिक्टोरियन काळात उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात जुनी थडगी, म्हणजे बॅरो, खणायला येते आणि ज्याने पत्र पाठवून बोलावलेलं तोच गायब. हे बॅरो खणणं खरंच चालायचं बरं का, डर्बीशरमध्ये थॉमस बेटमन नावाचा गृहस्थ होता (1821 ते 1861), त्याने ढिगाने बॅरो उकरले आणि त्यावर पुस्तकंही लिहिली, त्यामुळे बाईचं नाव कुठून आलं ते कळतंच. आणि हॉब म्हणजे त्या भागातला भुताखेताच्या जातीतला प्राणी, कधी घरकामात मदत करणारा, कधी पार डोकं फिरवणारा. गेममध्ये सगळं निवांत चाललेलं असतं, तुम्ही पबमध्ये लोकांशी गप्पा मारताय, आणि मधेच स्क्रीनभर एखाद्याचा चेहरा येतो, पिक्सेलमधला, पण अंगावर काटा येतो. शेवट फारच काळा आहे, त्यामुळे लेकीला एकटीला देऊ नका, आधी तुम्ही खेळा.

खरंच छोटं हवं असेल तर अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ या गेम बनवायच्या टूलच्या साइटवर जा, लोकांनी त्यात हौसेने केलेले फुकट गेम आहेत, शॉर्ट-मीडियम असं लांबीनुसार शोधता येतं. दर्जा मात्र वरखाली, ते गृहीत धरा.

प्रश्न : सिएरा कंपनीचा रॉबिन हूडचा गेम लहानपणी मित्राकडे बघितलेला, आता चालतो का? (वाचक, पुणे)

'कॉन्क्वेस्ट्स ऑफ द लाँगबो', 1991, डिझायनर क्रिस्टी मार्क्स. ओरिजिनल फाइल्स असतील तर स्कमव्हीएममध्ये, म्हणजे जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालतो. मॅन्युअल जवळ ठेवा, त्यातल्या माहितीशिवाय गेम अडवतो, तेव्हा पायरसी रोखायची हीच पद्धत होती. मला हा गेम आजही भारी वाटतो कारण एकाच प्रसंगातून सुटायला एकाहून जास्त वाटा आहेत आणि शेवटी रॉबिनवर खटला चालतो, तिथे तुम्ही कोणाला उगाच मारलंत, किती पैसे जमवलेत, सगळं बाहेर येतं. नाशिकच्या ताईंनी लेकीसाठी आधी हा बघावा असं मी म्हणेन.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत छोटा अ‍ॅडव्हेंचर गेम करायचाय, किंग आर्थरवर. एकटा आहे, ड्रॉइंग बरं आहे. कुठून सुरू करू? (विद्यार्थी, कोल्हापूर)

आर्थर सोड. खरंच सांगते, राउंड टेबल घेतलंस की सरदार आले, किल्ला आला, घोडे आले, आणि प्रत्येकाला चालण्याचं अ‍ॅनिमेशन लागतं, सुट्टी तिथेच संपेल. इंग्लंडची मजा त्या मोठ्या कथांत नाहीच, ती एकेका टेकडीच्या, विहिरीच्या, दगडाच्या गोष्टीत आहे, आणि त्या गोष्टींत कोडं आयतंच असतं.

रोलराइट स्टोन्स घे. ऑक्सफर्डशर आणि वॉरिकशरच्या हद्दीवर 70 च्या वर दगडांचं वर्तुळ आहे, ते राजाचे सैनिक, रस्त्यापलीकडे एकटा उभा तो राजा, आणि जरा लांब चार-पाच दगड डोक्याला डोकं लावून उभे, ते कट करणारे सरदार, त्यांना व्हिस्परिंग नाइट्स म्हणतात. चेटकीण राजाला म्हणाली सात ढांगा टाक, लाँग कॉम्प्टन गाव दिसलं तर इंग्लंडचा राजा होशील. त्याने टाकल्या, पण समोर जमीनच फुगून वर आली, गाव काही दिसलं नाही, मग सगळे दगड झाले आणि ती स्वतः एल्डरचं झाड. क्रीट बेटावर नॉसोसचा प्राचीन राजवाडा खणणारा तो पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स, त्याने 1895 मध्ये इथल्या लोककथांवर लेख लिहिलाय, गावातल्या पोरी त्या सरदारांच्या फटीला कान लावून भविष्य ऐकायला जायच्या वगैरे.

आता कोडं बघ. हे दगड कोणालाच नीट मोजता येत नाहीत म्हणे. एका बेकरीवाल्याने शक्कल लढवली, प्रत्येक दगडावर एकेक पाव ठेवत गेला, तरी दर वेळी पाव कमीच. झालं की काम! इन्व्हेंटरीत, म्हणजे खेळाडूजवळच्या सामानात, पावाची टोपली, पाच स्क्रीन (बेकरी, रस्ता, वर्तुळ, राजा, सरदार), आणि पाव कोण खातंय हे शोधायचं. उत्तर तू ठरव, पण ते फटीला कान लावल्यावर अर्धंच ऐकू येऊ दे, उरलेलं झाडाजवळ.

टूल म्हणून अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ घे, फुकट आहे, हॉब्ज बॅरोही त्यातच केलाय, स्क्रिप्ट सी लँग्वेजसारखी आहे म्हणजे तुला जड जाणार नाही. एकच सांगते, पात्र दगडामागून जाताना दगडाने झाकलं जायला हवं, त्याला वॉक-बिहाइंड म्हणतात आणि त्याची बेसलाइन, म्हणजे पात्र पुढे की मागे हे ठरवणारी रेघ, चुकली की माणूस दगडावर चढल्यासारखा दिसतो. असे वॉक-बिहाइंड एका रूममध्ये, म्हणजे एका स्क्रीनमध्ये, मोजकेच मिळतात, तेव्हा 70 दगडांना वेगवेगळे करत बसू नकोस, पुढच्या रांगेतल्या थोड्यांना कर, मागचे नुसते बॅकग्राउंडमध्ये रंगव. आणि चित्रं नंतर. आधी चौकोन टाकून पाचही स्क्रीन खेळता येतात का बघ, मग मित्राला बसव आणि गप्प बस, तो कुठे अडतो ते लिहून घे, हिंट द्यायचा मोह आवर.

प्रश्न : मुलाकडे लंडनला चाललेय, असली एखादी दंतकथेची जागा प्रत्यक्ष बघता येईल का? (वाचक, ठाणे)

रोलराइटला गाडी लागेल, मुलाला सुट्टी घ्यायला लावा. नाहीतर सफकमध्ये ब्लाइथबरोचं होली ट्रिनिटी चर्च. 4 ऑगस्ट 1577 ला वादळात ब्लॅक शक नावाचा काळा कुत्रा चर्चमध्ये घुसला आणि माणसं मारून गेला अशी गोष्ट आहे, दारावर जळक्या खुणा आहेत त्या त्याच्याच नखांच्या म्हणतात. वीज पडली असणार, पण खुणा बघताना ते कोण ऐकतंय. त्याच दिवशी तो बंगे गावालाही गेला होता म्हणे, त्या गावाच्या चिन्हावरसुद्धा काळा कुत्रा आहे. रेल्वेने हेल्सवर्थला उतरा, तिथून टॅक्सी करा, आणि रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते तेव्हा दार बघायला जाऊ नका.