डोक्यावर कर्ज असताना चौघांचं जेवण महिन्याला कमीत कमी किती रुपयांत बसेल?

तुम्ही लिहिलंय की पगार 24,000, घरात चार माणसं, बँकेचं आणि बाहेरचं मिळून साडेचार लाख देणं, आणि किराण्यातून अजून किती काढता येईल. मला आधी एकच विचारायचंय. ‘बाहेरचं’ म्हणजे कोणाचं, आणि शेकडा कितीने? ते तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि माझ्या मते सगळं तिथेच अडलंय. का म्हणते ते सांगते. जरा लांबेल.

आम्ही सांगलीचे. यांचं गादी-उशांचं दुकान, त्याच्या मागेच घर. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 ची, त्यावरून अंदाज करा. कापडवाल्यांनी निदान कापड धुऊन, वाळवून, पडेल भावाने विकलं. कापसाचं तसं होत नाही. पाणी ओसरल्यावर शटर उचललं तर गाद्या फुगून एकमेकींत अडकल्या होत्या, दोघांना मिळून एक उचलेना, आणि दाबली की काळं पाणी गळायचं. पिंजायच्या मशीनची मोटार जळाली. घरातलं पीठ, डाळी, तांदूळ सगळं नासलं. माळ्यावरची चटणीची बरणी तेवढी राहिली. आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात, उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवतो. पुढचे सात-आठ महिने त्या एका बरणीवर मी स्वयंपाक केला.

दुकान पुन्हा उभं करायला पतसंस्थेकडून 2,00,000 काढले, वर्षाला 14 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, हप्ता 4,650. ते मंजूर व्हायच्या आधी मोटार आणि कापूस आणायला एका ओळखीच्या माणसाकडून 80,000 घेतले होते, महिना शेकडा 5 ने. आणि मोठ्या नणंदेने 60,000 दिले होते, बिनव्याजी, कागद न करता. एकूण 3,40,000. तुमच्यापेक्षा कमी, पण आमचं उत्पन्नही तेव्हा शून्यावरून सुरू होत होतं.

मग मी स्वयंपाकघरात घुसले, जसे तुम्ही आता घुसताय.

पाच माणसं. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई. पुराआधी किराणा, भाजी, दूध, गॅस आणि बाहेरचं खाणं धरून महिन्याला 9,500 जायचे. दोन महिन्यांत ते मी 5,800 वर आणले. हे तेव्हाच्या भावाने, आजच्या भावाने तुम्हाला तुमचं मांडावं लागेल. सगळ्यात मोठा फरक पडला तो रेशनचा. कार्ड केशरी, नावं प्राधान्य यादीत, म्हणजे स्वस्त धान्य मिळणाऱ्यांच्या यादीत, पण धान्य आम्ही उचलतच नव्हतो, ‘कोण रांगेत उभं राहणार’ म्हणून. माणशी 5 किलोप्रमाणे 25 किलो, त्यात 15 गहू 2 रुपयांनी आणि 10 तांदूळ 3 रुपयांनी. महिन्याचे 60 रुपये. जानेवारी 2023 पासून तर ते फुकट आहे. तुमचं नाव यादीत असून धान्य उचलत नसाल तर आधी तिथे जा, बाकीचं नंतर वाचा.

रेशनच्या तांदळाचा भात मुलांना आवडेना. तो मी भातासाठी वापरणंच सोडलं. रात्री उडदाची थोडी डाळ घालून भिजवायचा, वाटून आंबवायचा, सकाळी आंबोळ्या. सोबत शेंगदाण्याची चटणी. तक्रार बंद झाली.

तुरीची डाळ आठवड्यातून एकदाच. बाकी दिवस मटकी, हुलगे म्हणजे कुळीथ, मसूर. अख्खा मसूर इस्लामपूर-कऱ्हाडकडच्या ढाब्यांवर लोक पैसे मोजून खातात, घरी तोच निम्म्याहून कमी खर्चात होतो. तेल कमी, चटणी सढळ, आणि शेवटी मसूर पळीच्या पाठीने थोडा घोटायचा म्हणजे रस्सा दाट होतो. मटकी शनिवारी रात्री भिजवायची, रविवारी फडक्यात बांधून खिडकीच्या गजाला टांगायची, सोमवारी उसळ. मटकी शिजवलेलं पाणी टाकायचं नाही, त्याचीच संध्याकाळी आमटी. हुलगे भाजून दळून ठेवले की थंडीत रात्री पेजेसारखं माडगं होतं, त्याला भाजी लागत नाही.

तेल महिन्याला 5 किलो लागायचं, ते 3 वर आलं. फोडणीला पळी न घेता मोठा चमचा घेतला एवढंच केलं, आणि भाजीत दाण्याचं कूट वाढवलं. कुटाचं तेल भाजीत सुटतंच, मग वरून ओतायला लागत नाही. मुलांना मधल्या वेळेला भडंग. बाहेरचं पाकीट परवडत नाही, पण चुरमुरे, दाणे, ठेचलेला लसूण आणि चटणी घातली की घरी डबाभर होतं. भाजी शनिवारच्या बाजारात, अंधार पडल्यावर. उठायच्या घाईत असलेल्या बायका मेथी, चाकवत, तांदुळजा ढिगावर स्वस्तात देतात. दूध मी कमी केलं नाही. रोज एक लिटर येत होतं, एक लिटरच येत राहिलं. मुलांच्या दुधातून कर्ज फेडायचं नाही हे मी पहिल्या दिवशी घरात सांगितलं होतं आणि आजही तेच सांगेन.

तर असे महिन्याला 3,700 वाचले. मला फार अभिमान वाटला होता. वहीत लिहून यांना दाखवलं. यांनी वही पाहिली, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी 4,000 त्या माणसाला व्याजाचे देऊन आले.

तिथे माझ्या लक्षात आलं. दोन महिने चमच्याने तेल मोजून मी जे वाचवत होते ते सगळं, वर 300 घालून, एका माणसाच्या महिन्याच्या व्याजात जात होतं. आणि 80,000 चे 80,000 च होते. 5 टक्के ऐकायला बारीक वाटतं, पण वर्षाचे ते 60 टक्के होतात. पतसंस्थेचे 14 आणि याचे 60, आणि मी भांडत होते तुरीच्या डाळीशी!

माझ्या पाटल्या होत्या, माहेरच्या. त्या मोडायच्या ठरवल्या. घरात कळलं, आणि भाऊबीजेला वन्सं, म्हणजे 60,000 देणाऱ्या त्याच मोठ्या नणंदबाई, आल्या.

त्या दिवशी मी शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पिठलं आणि गव्हाची गुळातली खीर केली होती. ताट पुढे आल्यावर त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, “सणाला आलेल्या माणसाला पिठलं? चार पोळ्या नाही जमल्या तुला?” मी काही बोलले नाही, यांच्याकडे बघून. मग जेवता जेवता म्हणाल्या, “पाटल्या मोडतीयेस म्हणे. मोडायच्याच आहेत तर आमचे आधी दे. परक्याचं भागवायचं आणि घरचं मागे ठेवायचं, ही कुठली रीत?”

सासूबाईंनी मान हलवली. हेही गप्प. आणि मी रडले, आत जाऊन, गॅसपाशी उभी राहून. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आता सहा वर्षांनी सुचतंय तर इथे लिहिते, कारण तुमच्याही घरात कोणीतरी हेच म्हणणार आहे.

पाटल्यांचे 72,000 आले. त्यातले 60,000 वन्संना दिले असते तर 12,000 उरले असते. ते त्या माणसाला दिले असते तरी त्याचे 68,000 राहिले असते. त्याचं व्याज महिन्याला 3,400. माझ्या स्वयंपाकघरातून निघत होते 3,700. म्हणजे आख्खं घर महिनाभर मटकी-मसूर खाऊन मुद्दलातून 300 रुपये कमी करणार! पहिल्या वर्षात पाच हजारही कमी झाले नसते. बिनव्याजी पैसे थांबू शकतात म्हणून ते थांबवायचे. त्यात नात्याचा अपमान नाही. उलट नात्यातला माणूस व्याज लावत नाही याच भरवशावर आपण जगत असतो.

मी 72,000 त्याला दिले, दिवाळीच्या गाद्यांच्या ऑर्डरीतले 8,000 वर घातले आणि नोव्हेंबर 2019 मध्ये त्याचं खातं बंद केलं. त्याच्याकडे रबर लावलेली एक छोटी वही असायची, त्यातलं आमचं पान मी त्याच्यासमोर फाडून घेतलं. तेव्हापासून स्वयंपाकघरातले 3,700 खरोखर 3,700 झाले, आणि व्याजासाठी वर घालावे लागणारे 300 ही सुटले. वन्संना जानेवारी 2020 पासून महिना 2,000 सुरू केले, लॉकडाऊनमध्ये चार महिने खंड पडला, आणि 2022 च्या भाऊबीजेला शेवटचा हप्ता दिला. पतसंस्थेचे हप्ते आमचे आम्ही भरले, 2024 च्या नोव्हेंबरात तेही संपलं. मध्ये 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलं होतं, पण त्या वेळी कापूस आधीच वर नेला होता.

आणि पिठल्याबद्दल. वन्सं, तुम्हाला त्या दिवशी वाढलेली भाकरी 42 रुपये किलोच्या शाळूची होती. घरात रेशनचा गहू 2 रुपयांनी आणलेला पडून होता, त्याच्या पोळ्या मला सहज लाटता आल्या असत्या आणि त्या मला फार स्वस्त पडल्या असत्या. भाकरी मुद्दाम केली होती, कारण तुम्हाला लहानपणापासून शाळूची भाकरी आवडते असं तुमच्या आईंनीच मला सांगितलं होतं. दळण खास त्या दिवसासाठी आणलं होतं. हे मला बोलून दाखवायचं राहून गेलं.

ज्यांना वाटतं भाकरी खाल्ली की पैसे वाचतात, त्यांच्यासाठीही हे सांगते. दुष्काळाच्या सालानंतर शाळू महाग असतो. जत, आटपाडीकडे पीक कसं आलंय त्यावर भाव ठरतो. तुमच्याकडे घरची ज्वारी येत नसेल तर भाकरी ही बचत धरू नका. तसंच कांद्याचं. 2019 च्या डिसेंबरात कांदा 100 रुपयांवर गेला होता, तेव्हा मी महिनाभर पिठलं फक्त लसूण-मिरचीवर केलं. स्वस्त पदार्थांची कायमची यादी करता येत नाही, त्या आठवड्यात बाजारात काय उतरलंय ते बघून रांधायचं.

पाहुणा आला तरी घरात शिजतं तेच वाढा. ते मी आजही करते. कर्ज असताना लोक दोन गोष्टींत सगळं घालवतात, व्याज आणि पाहुण्यासमोरची लाज. माझं ठाम मत आहे.

आता काही गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. सोनं मोडलं हे मी आज करणार नाही. बँकेत सोनेतारण ठेवून पैसे उचलले असते तर व्याज 60 टक्क्यांच्या जवळपासही गेलं नसतं आणि पाटल्या परत आल्या असत्या. त्यानंतर सोन्याचा भाव दुपटीच्या वर गेला, ते वाचलं की पोटात कालवतं. तेव्हा घाई झाली, कोणी समजावलं नाही. तुमच्याकडे सोनं असेल तर आधी बँकेत विचारा.

बाहेरचा माणूस विनापरवाना सावकारी करत असेल तर तो गुन्हा आहे, महाराष्ट्रात त्यासाठी 2014 चा कायदा आहे. तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकांकडे तक्रार करता येते. आम्ही केली नाही, ओळखीचा होता म्हणून. तुम्ही करावी की नाही ते तुम्ही ठरवा, पण असा रस्ता आहे हे माहीत असू द्या.

घरात कोणाला साखर, म्हणजे मधुमेह असेल, कोणी बाळंतीण किंवा गरोदर असेल तर माझं 5,800 चं गणित तुम्हाला लागू नाही. सासूबाईंना साखर निघाल्यावर आम्हालाही खर्च वाढवावा लागला, आणि तो वाढवलाच.

आणि वन्संबद्दल एक. पुरानंतर चौथ्या दिवशी, कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा, त्यांनीच 60,000 पदराखालून काढून दिले होते, स्वतःच्या भिशीचे. त्यांनाही त्या वर्षी पैशांची गरज होती हे मला खूप नंतर कळलं. त्यांनी आधी मागितले यात चूक नव्हती. पण मी आधी दिले नाहीत यातही नव्हती.

तुम्ही असं करा. कोणाचं किती, शेकडा कितीने, महिन्याचं की वर्षाचं, एवढं इथे लिहा. रेशन कार्ड कोणत्या रंगाचं आणि नाव प्राधान्य यादीत आहे का, तेही. मग चौघांचा महिन्याचा किराणा मी बसून मांडून देते.