तिसऱ्या गाण्याच्या पुढे

“मॅडम, दिवसरात्र तीच रडकी इंग्लिश गाणी कानाला. त्यानं ती अजूनच खचेल ना हो?”

हा प्रश्न आमच्याकडे समुपदेशनाला आलेल्या आया विचारतात, बहिणी विचारतात, कधी नवरेही विचारतात. या वेळी विचारणारी आई पासष्टीची होती. लेक सदतीस वर्षांची, नातू आठ वर्षांचा. संसारातून बाहेर पडायचं लेकीनं स्वतः ठरवलं होतं. मारहाण नाही, व्यसन नाही, दुसरी बाई नाही, त्यामुळे “मग सोडलंस कशाला?” या प्रश्नाला तिच्याकडे चारचौघांना पटेल असं उत्तर नव्हतं. परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा पहिला अर्ज दाखल झाला होता आणि कायद्यातली सहा महिन्यांची मुदत चालू होती. या मुदतीत बरीच माणसं कोलमडतात. निर्णय झालेला असतो, पण तो अजून कागदावर उतरलेला नसतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ती गाणी होती ब्रिटिश गायिका अडेलच्या ‘३०’ या अल्बममधली. अडेल लंडनच्या टॉटनहॅम भागात १९८८ साली जन्मली. आपल्या अल्बमना ती वयाचे आकडे देते: १९, २१, २५ आणि मग ३०. शेवटचा १९ नोव्हेंबर २०२१ रोजी आला. १२ गाणी, साधारण ५८ मिनिटं. ‘२१’ ऐकून जगभरचे प्रेमभंग झालेले लोक रडले होते, कारण त्यात मागे राहिलेली मुलगी गाते. ‘३०’ मध्ये गाणारी बाई स्वतः घराबाहेर पडलेली आहे. अडेल आणि तिचा नवरा २०१९ मध्ये वेगळे झाले, घटस्फोट २०२१ मध्ये झाला, आणि मधल्या काळात तिच्या मुलाच्या प्रश्नांना तोंड देता देता ही गाणी आकाराला आली. सोडून दिलेल्या बाईसाठी आपल्याकडे विरहगीतांची कमी नाही. सोडून आलेल्या बाईनं मात्र कुठलं गाणं ऐकायचं? या लेकीला तो अल्बम इतका का चिकटला, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

पहिल्या भेटीतली वीस मिनिटं ती फक्त अल्बमचं कौतुक करत होती. आम्ही तिला थांबवलं नाही. माणूस एखाद्या गाण्याची मनापासून तारीफ करतो तेव्हा स्वतःबद्दल जे बोलता येत नाही ते तो त्या गाण्याबद्दल बोलून घेतो. “ती नवऱ्याला नावं ठेवत नाही. स्वतःलाही बिचारी म्हणवून घेत नाही. आवाज ताणला जातो तिथे तसाच ठेवलाय, साफसूफ केलेला नाही,” असं ती म्हणाली. हे शेवटचं ‘टू बी लव्ड’ या अकराव्या गाण्याबद्दल होतं. साडेसहा मिनिटांहून मोठं गाणं, साथीला पियानो आणि बाकी सगळा गळा. तिचं निरीक्षण अचूक होतं. या अल्बमवर जीव टाकणारे बहुतेक श्रोते हेच सांगतात, की इथे कुणी सुंदर दिसण्यासाठी रडत नाहीये.

समुपदेशकानं अशा वेळी एकच गोष्ट कान देऊन ऐकायची: बोलणं कुठे अडखळतं. अकरा गाण्यांबद्दल ती भरभरून बोलली. तिसऱ्याचं नाव घेतलं आणि गप्प झाली. ‘माय लिटल लव्ह’. यात अडेलनं आपल्या लहानग्या मुलाशी झालेलं खरं बोलणं ध्वनिमुद्रित करून गाण्यात घातलं आहे, आणि शेवटी तिचाच रडवेला आवाज येतो, एकटेपणाच्या दिवशी कुणाला तरी पाठवलेल्या निरोपातला.

आईच्या शंकेचं उत्तर “हो” किंवा “नाही” असं देता येत नाही. २०१४ मध्ये तारुफी आणि कोएल्श या संशोधकांनी सातशेहून अधिक लोकांना विचारलं, की दुःखी संगीत ऐकताना तुम्हाला काय होतं. सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर ‘दुःख’ नव्हतं, तर गेलेल्या दिवसांची हुरहुर होती. पुष्कळांना त्यातून दिलासाही मिळत होता. दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियातल्या सँड्रा गॅरिडो यांचं काम आहे. ज्यांना एकाच विचाराचं रवंथ करायची सवय असते, ते दुःखी गाण्यांकडे ओढले जातात आणि ऐकून झाल्यावर त्यांना अधिक वाईट वाटू शकतं. अल्बम एकच असला तरी ऐकण्याची पद्धत वेगळी असते, आणि आम्हाला तपासायची होती ती पद्धत.

रडू येणं हा काही आजार नाही, हेही आईला सांगावं लागलं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये लोकांना विचारलं होतं, की संगीताच्या नेमक्या कुठल्या जागी डोळ्यांत पाणी येतं. त्यातल्या बऱ्याच जागी एक गोष्ट समान निघाली: मुख्य स्वरावर उतरण्याआधी गळा शेजारच्या स्वरावर क्षणभर टेकतो, तणाव तयार होतो आणि मग सुटतो. आपल्याकडे कणस्वर ऐकताना कान ज्या तऱ्हेनं हलतो, त्याच्या जवळचंच हे. अडेलच्या गाण्यात असं टेकणं भरपूर आहे. इंग्रजीचा एक शब्द न कळणाऱ्या या आईच्याही अंगावर ते ऐकून काटा आला, हे तिनं नंतर कबूल केलं.

लेकीला आम्ही आठवडाभराची नोंद ठेवायला सांगितली. वहीच्या पानावर चार रकाने: वेळ, गाणं, ऐकण्याआधी मन किती जड (० ते १०), आणि गाणं संपल्यावर अर्ध्या तासानं किती जड. अर्धा तास महत्त्वाचा. गाणं संपताक्षणी विचारलं तर बऱ्याच जणांना मोकळं वाटतं.

आठ दिवसांनी वही आली. दुचाकीवरून आल्यावर, दुपारी, पहिल्या गाण्यापासून ऐकलं त्या तीन दिवशी आकडा ६ वरून ४ वर आला होता. रात्री अकरानंतर, अंथरुणात, कानात इअरबड घालून तिसरं गाणं लूपवर, म्हणजे तेच ते पुन्हापुन्हा, लावलं त्या पाच रात्री तो ६ वरून ८ वर गेला होता. दोनदा पहाटेचे दोन वाजले होते. हे पाहिल्यावर तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

लूपमध्ये बिघडतं ते असं. ‘३०’ ला एक क्रम आहे. तिसऱ्या गाण्यात जखम उघडी आहे. सातव्यात, ‘आय ड्रिंक वाइन’मध्ये, ती स्वतःच्या हट्टाकडे बघायला लागते. दहाव्या ‘होल्ड ऑन’मध्ये मागून समूहस्वर येतात, ते गाणारे तिचे मित्रमैत्रिणी आहेत. म्हणजे बाई एकटी सुरुवात करते आणि दहाव्या गाण्यापर्यंत तिच्याभोवती माणसं जमतात. तिसऱ्यावरच फिरत राहणारा श्रोता त्या माणसांपर्यंत पोचतच नाही. अल्बम आला त्याच आठवड्यात अडेलच्या विनंतीवरून स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावर गाणी आपोआप उलटसुलट वाजवण्याची पद्धत बदलली. क्रमानं ऐका, त्यात एक गोष्ट सांगितलेली आहे, हे तिचं म्हणणं होतं. संगीताच्या अंगानं केलेली ही मागणी समुपदेशनाच्या अंगानंही अगदी बरोबर आहे.

म्हणून अल्बम बंद करायला सांगितलं नाही. ऐकण्याची रीत बदलली. एकच गाणं पुन्हा वाजवायची सोय बंद. ऐकायचं तर पहिल्यापासून बाराव्यापर्यंत, आठवड्यातून दोनदा, अंथरुणात नाही, खुर्चीवर बसून. ५८ मिनिटं लागतात, तेव्हा रात्री साडेआठच्या आत सुरुवात. इअरबड नकोत, साधा स्पीकर, कारण कानाच्या आत वाजणारा आवाज आपल्याच डोक्यातला वाटायला लागतो. मुलगा बापाकडे असेल तो शनिवार आणि त्याच्या कराटेच्या क्लासचा दिवस, हे दोन दिवस तिनंच निवडले. मध्येच थांबवावंसं वाटलं तर थांबवायचं, पण पुढच्या वेळी तिथूनच पुढे जायचं, मागे नाही.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण म्हणतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माणसाला सांगता न येणारं दुःख बायकांनी जात्याला सांगितलं होतं. फरक एवढाच, की जात्यावरची बाई स्वतःचे शब्द जुळवत होती, आणि इअरबड घातलेली आमची लेक पाच रात्री दुसरीचे शब्द उसने घेत होती. तिला तिच्या शब्दांपर्यंत न्यायचं होतं.

त्यासाठी लिहिणं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये वापरलेली पद्धत साधी आहे: लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनातलं सर्वांत अवघड ते लिहायचं, शुद्धलेखनाकडे बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. पहिल्या दिवशी लिहून झाल्यावर मन जास्त जड होतं. ते अपेक्षित आहे आणि ते आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर माणूस दुसऱ्या दिवशी वही उघडत नाही. दुसरी चूक सुरुवातीच्या वाक्याची. “माझ्याच बाबतीत असं का झालं?” इथून सुरू केलं की चारही दिवस तेच पान लिहून होतं. तिला आम्ही “मी काय ठरवलं आणि केव्हा ठरवलं” इथून सुरुवात करायला सांगितलं. तिसऱ्या दिवशीही शब्दन् शब्द तोच येत असेल तर लिहिणं थांबवून आमच्याशी बोलायचं, हेही ठरलं होतं. तशी वेळ आली नाही.

चौथ्या भेटीत ती म्हणाली, “ताई, ते तिसरं गाणं मी मुलाला ऐकवू का? त्याला सबटायटल लावून समजावते. आईला काय वाटतं ते कळेल तरी.”

इथे आम्ही स्पष्ट “नको” म्हणालो. असं आम्ही क्वचित म्हणतो.

अल्बम येण्याआधीच्या एका मुलाखतीत अडेलनं सांगितलं होतं, की मुलगा विशी-तिशीत पोचेल तेव्हा आपण कोण होतो आणि त्याचं घर का मोडलं हे त्याला या गाण्यांमधून कळावं. हे पत्र मोठ्या झालेल्या मुलासाठी आहे. आठ वर्षांच्या मुलाला आईचं रडणं गाण्यासकट दिलं की त्याच्या डोक्यात एकच गोष्ट राहते: आता आईला मी सांभाळायचं. मग तो शाळेत पोट दुखतंय म्हणून घरी यायला लागतो, बापाकडे जायला नको म्हणतो, स्वतःचं रडू दाबतो. मोठी माणसं त्याला “किती समजूतदार आहे” म्हणतात आणि तिथेच फसतात.

मुलगा एकदा दारातून विचारून गेला होता, “आई, ती बाई का रडतेय?” आणि आईनं “काही नाही, झोप” म्हणून त्याला परत पाठवलं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. ते आम्ही बसून तयार केलं: “तिला वाईट वाटतंय. मलाही कधीकधी वाटतं. ते मोठ्यांचं आहे, मला मदत करायला आजी आहे, मावशी आहे. तू काही करायचं नाहीस.”

घटस्फोटाबद्दल सांगायचं ते आईबाप दोघांनी एकत्र बसून, दहा मिनिटांच्या आत. झोपायच्या वेळी नाही, शाळेच्या सकाळी नाही; शनिवारी नाश्त्यानंतर बरं. आम्ही दोन वेगळ्या घरांत राहणार आहोत. हे तुझ्यामुळे झालेलं नाही. आम्ही दोघंही तुझेच आई-बाबा राहणार. आणि मग जे बदलणार नाही त्याची नावं घेऊन यादी: शाळा, आजी, कराटे. कारणं सांगायला गेलं की वकिली सुरू होते, म्हणून कारणं नाहीत. हेच सगळं पुढच्या दोन-तीन महिन्यांत पाच-सहा वेळा पुन्हा सांगावं लागतं. मूल एकदा ऐकून गप्प बसलं म्हणजे त्याला कळलं, असं नसतं.

आईसाठीही काम होतं. लेकीच्या कानातून इअरबड काढून घेणं, “किती रडशील” म्हणणं, भजनं लावणं, हे सगळं तिनं करून पाहिलं होतं. त्याऐवजी तिला एवढंच सांगितलं: शेजारी बसा आणि विचारा, “यातलं कुठलं गाणं आवडतं गं तुला?” एक गाणं पूर्ण ऐका. सल्ला देऊ नका.

गाण्यांपलीकडे काळजी कधी करायची, तेही आईला लिहून दिलं. नऊ प्रश्नांची नैराश्याची चाचणी आम्ही पहिल्याच भेटीत घेतली होती. २७ पैकी ८ गुण, म्हणजे सौम्य. १० किंवा त्याहून जास्त असते तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. सलग दोन आठवडे झोप किंवा जेवण बिघडलेलं, कामावर जाणं सुटलेलं, कशातच मन लागत नाही, किंवा “मी नसते तर बरं” अशा अर्थाचं एक वाक्य जरी निघालं, तर गाणी हा मुद्दाच राहत नाही. तेव्हा थेट डॉक्टर, आणि रात्री-अपरात्री टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

सहाव्या भेटीपर्यंत चाचणीचा आकडा ४ वर आला. तिनं मुलासाठी दोन पानी पत्र लिहिलं, वर तारीख घातली आणि पाकीट चिकटवून आजीच्या कपाटात ठेवलं. तो अठरा वर्षांचा झाला की द्यायचं.

मुलानं त्या शनिवारी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: “माझी सायकल कुठल्या घरी राहणार?” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे ठरवायचंच राहिलं होतं. मग तिघांनी मिळून ठरवलं, सायकल आईकडे, आणि बाबांकडे एक स्केटबोर्ड.

अल्बम ती अजून ऐकते. सध्या तिचं आवडतं गाणं दहावं आहे.