व्हायरसमधलं विष

प्रश्न असा आहे: 'कॉम्प्युटर व्हायरसला विषाणू म्हणणं चूक नाही का? तो सजीव नाही, त्यात कसला अणूही नाही. त्यापेक्षा "विघातक आज्ञावली" बरं नाही का? आणि हॅकरला मराठीत काय म्हणावं?'

आधी माझी तक्रार. फोन तापला, व्हायरस. पासवर्ड चोरीला गेला, व्हायरस. एखाद्या पानावर लाल चौकट उघडते, 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले', की झालीच धावाधाव! अहो, ती त्या पानाची थाप आहे. पान बंद केलंत की तेरावा सोडाच, पहिलाही उरत नाही. दुसऱ्या फाइलला चिकटून, ती उघडली की आणखी फाइलींत आपली नक्कल घुसवतो तो व्हायरस. नक्कल नाही तर व्हायरस नाही. फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने १९८३ साली असा प्रोग्रॅम करून दाखवला आणि हे नाव सुचवलं ते त्याचे प्राध्यापक लेन अ‍ॅडलमन यांनी. संदेश गुप्त ठेवणाऱ्या आरएसए कूटपद्धतीच्या नावातला 'ए' तो यांचाच.

आता विषाणू. हा शब्द चूक तर नाहीच, उलट व्हायरसचा सख्खा चुलतभाऊ आहे. लॅटिनमध्ये 'वीरुस' म्हणजे विष. त्याचं जुनं रूप स-कारी. लॅटिनमध्ये दोन स्वरांमध्ये सापडलेल्या 'स'चा 'र' झाला. तो 'र' परत 'स' करून बघा: वीस... विष! ग्रीकमधला विषवाचक 'इओस' याच घरातला, फक्त त्याने 'व' आणि 'स' दोन्ही पार गिळून टाकले. हे कानाला परकं वाटत असेल तर आपलं 'आयुष्य' आणि 'आयुर्वेद' शेजारी ठेवा. 'धनुष्य' आणि 'धनुर्धर' ठेवा. नियम वेगळा, पण ष आणि र यांची अदलाबदल आपल्याला नवी नाही. आणि अणू म्हणजे इथे अतिसूक्ष्म, भौतिकशास्त्रातला अणू नव्हे. जिवाणूबद्दल कोणी ही शंका काढत नाही ती!

व्हायरसचं अनेकवचन 'वायराय' करणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. लॅटिनमध्ये 'विरी' म्हणजे पुरुष, आपल्या 'वीर'चे नातेवाईक. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये वीर शिरले!

'विघातक आज्ञावली' ही शुद्धतावाद्यांची लाडकी जोडी मला मान्य नाही. तो 'मालवेअर'चा अर्थ झाला, घातक प्रोग्रॅमच्या सगळ्या जातींचा एकच भारा. शिवाय हे बोलून दाखवा एकदा, घाईत. त्याच भाऱ्यातल्या इंग्रजी 'वर्म'ला (worm) सरळ किडा म्हणा. तो कुणाला न चिकटता स्वतःच नेटवर्कवरून सरपटत जातो. वर्म आणि कृमी एकाच धातूचे, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ध्वनी जुळले म्हणून घराणं जुळत नाही. वर्मचं सुरुवातीचं 'व' आणि कृमीचं 'क' एकाच नियमात बसवून दाखवा, मग बोलू.

ट्रोजन, म्हणजे कामाच्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन आत शिरणारा घातक प्रोग्रॅम, याच्या नावाचा तर उलटाच घोळ. ट्रॉय शहराच्या कथेत लाकडी घोड्यात लपले होते ग्रीक. ट्रोजन म्हणजे ट्रॉयचे लोक, ज्यांनी तो घोडा हौसेने आत ओढला. म्हणजे फसवणाऱ्याला फसलेल्याचं नाव! आपल्याकडे याहून नेमका शब्द तयार आहे: मारीच. बाहेरून सोन्याचं हरीण, आत राक्षस, आणि मागणी घरातूनच. फुकटचा गेम म्हणून उतरवून घेतलेली फाइल हुबेहूब हेच करते. मी गेली काही वर्षं हा शब्द रेटतो आहे. अजून कोणी ऐकत नाही.

हां, हॅकर राहिलाच. हॅकर म्हणजे चोर, हा अर्थ नंतरचा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या रेल्वे मॉडेल क्लबच्या एप्रिल १९५५च्या इतिवृत्तात एक विनंती आहे: विजेच्या यंत्रणेवर काम किंवा 'हॅकिंग' करणाऱ्यांनी आधी वीज बंद करावी, फ्यूज उडतो. याला मराठीत खटपट्या म्हणा. चोराला चोर हा शब्द आहेच.